ब्रुकलिनमधलं वायकॉफ कुटुंबाचं शेतघर न्यूयॉर्कचं पहिलं ‘लँडमार्क’ (कायद्याने जतन केलेली वारसा-वास्तू) का ठरलं?

मुख्यतः वयामुळे. न्यूयॉर्क शहरात उभं असलेलं सर्वांत जुनं घर हेच मानलं जातं, म्हणून १९६५ साली वारसा-जतनाचा कायदा झाला तेव्हा यादीत पहिलं नाव याचंच लागलं. १६३७ मध्ये करारबद्ध मजूर म्हणून नेदरलँड्सहून आलेल्या, वायकॉफ कुटुंबाचा मूळपुरुष असलेल्या पीटर क्लासेनचं हे घर. १९०१ पर्यंत ते वंशजांकडेच होतं. पुढे वंशजांच्याच संस्थेने १९६१ मध्ये ते परत विकत घेतलं आणि नंतर शहराला दिलं (भाऊबंद वाडा विकायला नाही, वाचवायला एकत्र आले!). मात्र १६५२ हे सांगितलं जाणारं बांधणीचं साल फक्त छोट्या मूळ भागाला लागू होतं, तेही अंदाजे; बाकीचं घर पुढच्या पिढ्यांनी वाढवलेलं आहे.