अफगाणिस्तानात नाटोच्या सगळ्या देशांनी लढाईचा भार सारखाच उचलला होता का?

नाही, अजिबात नाही. मोहीम एकच असली तरी आपलं सैन्य कुठे बसणार आणि काय करणार, हे ज्याचं त्याचं सरकार ठरवत होतं. जर्मनी तुलनेने शांत उत्तरेत, इटली पश्चिमेला हेरातमध्ये. तालिबानचा बालेकिल्ला असलेला दक्षिण भाग मात्र अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, डेन्मार्क, नेदरलँड्स यांच्या गळ्यात पडला. वर अटी वेगळ्याच. २००७ मध्ये जर्मनीने टोर्नाडो विमानं पाठवली ती फक्त टेहळणीसाठी, बॉम्ब टाकायचे नाहीत! दक्षिणेतल्या कंदाहारमध्ये चटके बसलेल्या कॅनडाने २००८ मध्ये, आपल्याच सरकारने नेमलेल्या मॅनली समितीच्या शिफारशीवरून, नाटोला सांगूनच टाकलं, तिथे आणखी हजार सैनिक द्या, नाहीतर आम्ही निघालो. कॅनडाचे १५८ सैनिक मृत्युमुखी पडले, दुपटीहून जास्त लोकसंख्येच्या जर्मनीचे ५९, आणि जेमतेम ५५ लाखांच्या डेन्मार्कचे ४० हून अधिक. अर्थात नुसत्या मृतांच्या आकड्यावरून कामचुकारपणाचा शिक्का मारू नये. जर्मनीची तुकडी संख्येने मोठ्या तुकड्यांपैकी एक होती, आणि २००९ पासून उत्तरेतलं कुंदुझही पेटलं होतं.