जर्मनीला निघण्याआधीचं एक वर्ष

तू विचारलंस की पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष संपल्यावर मास्टर्ससाठी थेट जर्मनीला यावं की आधी वर्षभर नोकरी करावी, आणि येताना कोणतं नवीन सॉफ्टवेअर शिकून यावं.

माझं स्पष्ट मत, नोकरी कर. हिंजवडीत पहिल्याच प्रोजेक्टवर मनासारखं काम मिळेल असं नाही. जुन्या कोडचा सपोर्ट गळ्यात पडेल, तरी नाक मुरडू नकोस. मलाही तेच मिळालं होतं. आमची टीम लीड प्रत्येक तिकिटावर, म्हणजे बिघाडाच्या नोंदीवर, तीन गोष्टी लिहायला लावायची: काय केल्यावर बिघडतं, काय दिसतं, काय दिसायला हवं होतं. त्याशिवाय ती कोडला हात लावू द्यायची नाही. दुसऱ्याचा कोड शांतपणे वाचायला मी तिथेच शिकले. इथल्या विद्यापीठात ते कुणी शिकवत नाही, तुला येतं असंच धरून चालतात.

नवीन सॉफ्टवेअरचं म्हणशील, तर दर महिन्याला निघणाऱ्या फ्रेमवर्कच्या मागे धावू नकोस. सर्टिफिकेटांची चळत तर इथे कुणी बघतही नाही. लॅपटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाक आणि एकच ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेला, प्रकल्प धर. माझा सल्ला लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरचा. ते चालवणारी संस्था बर्लिनची आहे, आणि नवख्यांसाठी त्यांनी ‘ईझी हॅक्स’ म्हणून सोपी कामं वेगळी काढून ठेवली आहेत. शिवाय देवनागरीतले बग आपल्याला जसे चटकन दिसतात तसे इतरांना दिसत नाहीत. समजा, जोडाक्षराच्या मध्येच कर्सर अडकतोय आणि आधीच्या आवृत्तीत तसं होत नव्हतं. मग नेमका कोणत्या बदलाने घोळ झाला? त्यासाठी त्यांच्याकडे ‘बायबायसेक्ट’ आहे. जुन्या बिल्ड, म्हणजे कोडपासून बनवलेल्या चालू शकणाऱ्या आवृत्त्या, आयत्या तयार असतात, त्यामुळे तासन्‌तास कंपाइल करत बसावं लागत नाही. मधली एक बिल्ड उघडायची, मराठी ओळ टाइप करून बघायची, ‘गुड’ किंवा ‘बॅड’ सांगायचं, की गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, उरलेल्यांतली मधली पुढे करतं. हजार बिल्ड असल्या तरी साधारण दहा फेऱ्यांत दोषी जागा सापडते. ती बगझिलावर, म्हणजे त्यांच्या बग नोंदवायच्या साइटवर, नीट लिहून टाक. वेर्कश्टुडेंटच्या, म्हणजे शिकता शिकता करायच्या नोकरीच्या मुलाखतीत मला मार्कांबद्दल कुणी विचारलं नाही. माझा असाच एक रिपोर्ट उघडून त्यावरच सगळं बोलणं झालं. एआय आता कोड लिहून देतं, मान्य. पण रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकारी तुझा कोड तपासतात तेव्हा, ‘ही ओळ इथे का?’ याचं उत्तर तुलाच द्यावं लागणार.

पैशांचं थोडक्यात सांगते. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात आपल्याला सेमिस्टरला 1,500 युरो पडतात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, महिन्याला 992. हा आकडा बदलत असतो, तेव्हा अर्ज करताना दूतावासाच्या साइटवर बघून घे. 2024 पासून वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. सेमिस्टर चालू असताना वेर्कश्टुडेंट म्हणून आठवड्याला साधारण 20 तास धर. डिग्रीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात.

भाषेच्या बाबतीत मात्र मी हट्टाने सांगेन. कोर्स इंग्रजीत असला तरी छोट्या कंपन्यांत सगळं काम जर्मनमध्ये चालतं, आणि विद्यार्थ्यांना कामावर घेतात त्या बऱ्याचदा याच कंपन्या. पुण्यात जर्मन शिकवणारं मॅक्स म्युलर भवन आहे, ऑफिस सांभाळून बी-वन या मधल्या पातळीपर्यंत जाऊनच ये. इथे आल्यावर अभ्यास, काम आणि घर शोधणं यांतून वेळ निघत नाही.

आणि एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला! नोव्हेंबर 2022 पासून आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना ते सक्तीचं आहे आणि त्याला वेळ लागतो, म्हणून डिग्री हातात येताच अर्ज टाक. त्याआधी दहावी-बारावीच्या मार्कशीटवरचं नाव पासपोर्टशी ताडून बघ. बोर्ड आडनाव आधी छापतं, वडिलांच्या नावाचं स्पेलिंगही कधी कधी वेगळं निघतं. फरक दिसला तर दुरुस्तीला आत्ताच दे.