दहा वर्षं जाऊ देत

प्रिय,

तुमच्या वीस जणांच्या गटाच्या मतदानासाठी तू केलेली सर्वकालीन श्रेष्ठ अल्बमची यादी मिळाली. पन्नासपैकी एकेचाळीस नावं पक्की, नऊ ओळी कोऱ्या, आणि समासात पेन्सिलीने लिहिलेलं: ‘ब्रॅट घेतला तर हसतील, नाही घेतला तर म्हातारी म्हणतील.’ चार्ली एक्ससीएक्सच्या 2024 च्या अल्बमबद्दलच्या त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहितोय. तुझे कान चांगले आहेत, त्याबद्दल वेगळं काही सांगायची गरज नाही. पण कोण हसेल हे बघून सर्वकालीन यादी करायची असेल, तर यादी कशाला करतेस? मतं गोळा कर आणि मोकळी हो.

माझं म्हणणं एका वाक्याचं आहे. अल्बम निघाल्यावर दहा वर्षं जाऊ देत, मग त्याला ‘सर्वकालीन’ यादीत बसव. तुमची यादी 2026 ची आहे, म्हणजे 2016 च्या डिसेंबरपर्यंत आलेलं सगळं चालेल. त्यानंतरचं एकही नाही. ‘ब्रॅट’ नाही, सिझाचा ‘एसओएस’ नाही. ‘पण हा खरंच वेगळा आहे’ असं वाटणारा तिसरा कुठला असेल, तर तो तर नाहीच.

रागावू नकोस, पुढचे आकडे बघ.

‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी संगीत मासिकाने 2003 मध्ये 500 श्रेष्ठ अल्बमची यादी काढली. आयरिश बँड यूटूचा ‘ऑल दॅट यू कान्ट लीव्ह बिहाइंड’ तेव्हा तीन वर्षांचा होता. त्याला 139 वा क्रमांक मिळाला. स्ट्रोक्स बँडचा ‘इज धिस इट’ दोन वर्षांचा होता, तो 367 वा. 2012 च्या फेरयादीत यूटूचा अल्बम 280 वर घसरला आणि स्ट्रोक्सचा 199 वर चढला. 2020 मध्ये नव्याने मतदान झालं, त्यात यूटूचा हा अल्बम यादीतच नव्हता, आणि ‘इज धिस इट’ 114 वर होता. दोन्ही अल्बममधली एक पट्टीही मधल्या काळात बदलली नव्हती. 2003 चे मतदार बहिरे नव्हते, त्यांनी फक्त घाई केली.

गायिका-रॅपर लॉरिन हिलचं बघ. ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ 1998 चा. 2003 च्या यादीत तो पाच वर्षांचा होता आणि तिनशेच्याही खाली पडला होता. 2020 मध्ये दहावा आला. 2024 मध्ये ॲपल म्युझिकने शंभरांची यादी काढली, तिथे थेट पहिला. म्हणजे घाईत नव्याला उगाच वर चढवलं जातं तसंच खालीही दाबलं जातं. ही दुसरी चूक कुणी मोजत नाही. तुझ्या मित्रमंडळींना वाटतं, दहा वर्षांचा नियम नव्यावर अन्याय करतो. तो नव्याला चुकीच्या क्रमांकापासून वाचवतो. एकदा 300 च्या खाली छापलं गेलेलं नाव वर यायला सतरा वर्षं लागतात, हे वर दिसलंच.

आता तू 1997 काढशील, म्हणून मीच काढतो. त्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश रॉक बँड ओअ‍ॅसिसचा ‘बी हिअर नाऊ’ आला. ब्रिटनमध्ये पहिल्या आठवड्यात जवळपास सात लाख प्रती खपल्या, समीक्षकांनी तारे उधळले. आज ओअ‍ॅसिसचे कट्टर चाहतेही तो सांभाळून घेतात, इतकंच. त्याच वर्षी रेडिओहेड बँडचा ‘ओके कॉम्प्युटर’ आला, आणि पुढच्याच वर्षी ‘क्यू’ मासिकाच्या वाचकांनी त्याला आजवरचा सर्वश्रेष्ठ अल्बम ठरवलं. तो निकाल टिकला. मग घाई बरोबरच ठरली ना, असं तू म्हणशील. अगं, 1998 साली दोन्ही निकाल सारख्याच आत्मविश्वासाने दिले जात होते! कुठला टिकेल हे ओळखायची खूण तेव्हा कुणाकडे नव्हती. ती खूण फक्त दहा वर्षांनी मिळते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची नोंदवही आहे. दरवर्षी पंचवीस नोंदी, आणि अट अशी की मुद्रण किमान दहा वर्षं जुनं हवं. ‘ओके कॉम्प्युटर’ आणि ‘मिसएज्युकेशन’ दोन्ही तिथे 2014 च्या तुकडीत गेले. नोंदवहीचं काही बिघडलं नाही, अल्बमचंही नाही.

दहाच का? पंचवीस का नाहीत? ग्रॅमीच्या हॉल ऑफ फेमला पंचवीस लागतात. ती फार झाली. तोवर पहिले ऐकणारे पन्नाशीला येतात आणि यादीत त्यांची तरुणपणाची आठवण मतदान करते. दहा वर्षांत तीन गोष्टी होतात. गायक-गायिकेचे पुढचे दोन-तीन अल्बम येतात आणि हा त्यातला नक्की कुठला ते कळतं. नकला येतात, आणि मूळ त्यांच्यापेक्षा वेगळं वाटतं की त्यांच्यातच हरवतं ते कळतं. आणि अल्बमभोवतीची हवा ओसरते. 2024 मध्ये ‘ब्रॅट’ हा शब्द कॉलिन्स शब्दकोशाने वर्षाचा शब्द म्हणून निवडला. ते पोपटी मुखपृष्ठ राजकारणापर्यंत पोचलं. त्या गोंगाटातून तू नुसता अल्बम ऐकू शकतेस असं तुला वाटतं. मला नाही वाटत, आणि यात तुझा अपमान नाही. डेव्हिड बोवीचा ‘ब्लॅकस्टार’ 8 जानेवारी 2016 ला आला आणि 10 ला बोवी गेला. त्या महिन्यात तो अल्बम नुसता अल्बम म्हणून ऐकणं कुणालाच शक्य नव्हतं. यंदा त्याला दहा वर्षं झाली. आता ऐक.

एक गोष्ट मान्य करतो, कारण ती तू मांडशीलच. ज्या यादीला आपण परंपरा म्हणतो ती घाईनेच तयार झाली. 1974 मध्ये ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या ब्रिटिश साप्ताहिकाने बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ला पहिला क्रमांक दिला, तेव्हा तो जेमतेम सात वर्षांचा होता. माझा नियम तिथे लावला असता तर यादी जवळजवळ रिकामी राहिली असती. राहू द्यायची होती. 2003 मध्ये ‘रोलिंग स्टोन’कडे तोच पहिला होता. 2020 मध्ये तीनशेहून जास्त जणांनी प्रत्येकी पन्नास नावं क्रमाने लावून दिली, मतदारांत नवे, वेगळ्या घरांतून आलेले कान होते, आणि ‘सार्जंट पेपर’ 24 वर गेला, मार्व्हिन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ सहाव्यावरून पहिल्यावर आला, जोनी मिचेलचा ‘ब्लू’ तिसाव्यावरून तिसऱ्यावर. म्हणजे वाट बघितल्याने अल्बम मुरत नाही, तो लोणचं नव्हे. वाट बघायची ती खोलीत बाकीची माणसं येईपर्यंत. घाईत मत देणारे नेहमी एकमेकांच्या ओळखीचे निघतात. तुमच्या वीस जणांच्या गटालाही हे लागू आहे.

हा हट्ट वाटत असेल तर तसं समज. घाईने वर चढवलेली नावं नंतर खोडायला लागली की कागद फाटतो, एवढं मला चांगलं माहीत आहे.

आता कामाचं. तुमच्या गटाने पहिल्या नावाला 50 गुण, शेवटच्याला 1, अशी पद्धत ठेवली आहे. ठीक आहे, पण तिच्यात मतं फुटतात. समज, वीसपैकी बारा जणांना रॅपर केन्ड्रिक लामार खूप वर हवा आहे. चौघे ‘गुड किड, मॅड सिटी’ला, पाच जण ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ला आणि तिघे ‘डॅम’ला प्रत्येकी 40 गुण देतात. झाले 160, 200 आणि 120. दुसऱ्या बाजूला लॉरिन हिलचा एकटीने केलेला स्टुडिओ अल्बम एकच. उरलेल्या आठ जणांनी त्याला 30-30 दिले तरी 240 होतात. बारा वेड्या चाहत्यांना आठ कोमट लोक हरवतात. उपाय असा: मतदानाआधी प्रत्येक कलावंताचा कुठला अल्बम पुढे न्यायचा ते गटाने हात वर करून ठरवायचं, फार तर दोन. (‘डॅम’ 2017 चा आहे, त्यामुळे तो तसाही बाद. बघ, नियम कामी आला.) वीसपैकी तिघांनीसुद्धा लिहिलं नसेल ते नाव निकालात घ्यायचं नाही, नाहीतर एकाचे 50 गुण कुणालाही चाळिसात आणून बसवतात.

दुसरं, मतपत्रिकेवर प्रत्येक नावापुढे एक रकाना काढ: ‘पूर्ण शेवटचा कधी ऐकला?’ उत्तर बारा महिन्यांपेक्षा जुनं असेल तर नाव कापायचं. ही कात्री जुन्यांवर जास्त चालेल, चालू दे. तुझ्या एकेचाळिसांत निदान आठ नावं मला पोथीतून उतरवलेली वाटतात. ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको’ तू नक्की ऐकला आहेस, की तो 1967 मध्ये बिलबोर्डच्या खपाच्या यादीत 171 च्या वर गेला नाही ही कथा तुला आवडते? न ऐकता घेतलेलं जुनं आणि गोंगाटात घेतलेलं नवं, दोन्ही सारखीच खोटी मतं.

ऐकायचं कसं, हेही नीट बघ, कारण इथे बहुतेकांची फसगत होते. नव्या अल्बमचं मास्टरिंग, म्हणजे आवाजावरचं शेवटचं संस्करण, जोरकस असतं, आणि एखाद-दुसरा डेसिबल जास्त असला तरी कान त्यालाच ‘चांगलं’ म्हणतो. म्हणून ॲपच्या सेटिंगमध्ये आवाज समान करण्याची सोय चालू कर. स्पॉटिफाय साधारण उणे 14 एलयूएफएसवर (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) आणतं, ॲपलचं साउंड चेक उणे 16 वर. त्यामुळे जुना अल्बम एका ॲपवर आणि नवा दुसऱ्यावर असं करू नकोस. शफल, क्रॉसफेड, ऑटोप्ले तिन्ही बंद. मूळ अल्बम संपतो तिथे थांब, पुढची जादा गाणी मोजायची नाहीत. बीच बॉइज बँडचा ‘पेट साउंड्स’ संपतो तेव्हा कुत्री भुंकतात आणि आगगाडी निघून जाते. तिथे बंद कर. आणि तो मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज असा, ऐक. त्या बँडच्या ब्रायन विल्सनला उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं, त्याने तो मोनोच बांधला. स्टिरिओ आवृत्ती तीसेक वर्षांनी आली.

प्रत्येक अल्बम दोनदा, मध्ये तीन आठवडे ठेवून. दुसऱ्या वेळी कुठलं गाणं पुढे ढकलावंसं वाटलं तेवढंच टिपून ठेव. नव्या अल्बममध्ये हे जास्त होतं, त्याला कारण आहे. एलपी तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावायची, म्हणून ‘पेट साउंड्स’ छत्तीस मिनिटांत आटोपतो. 2018 मध्ये बिलबोर्डने पैसे भरून ऐकलेल्या 1,250 स्ट्रीम म्हणजे एक अल्बम खपला असा हिशेब धरला. मग गाणी जितकी जास्त तितका आकडा मोठा. ‘एसओएस’मध्ये तेवीस गाणी आहेत, बॅड बनीच्या ‘उन वेरानो सिन ती’मध्येही तेवीस. दोन्ही 2022 चे, दोन्ही ॲपलच्या शंभरात दोनेक वर्षांत जाऊन बसले. त्यातली किती गाणी अल्बमसाठी आहेत आणि किती हिशेबासाठी, हे 2032 मध्ये ऐकून सांग. आज नको.

तारीख कुठली धरायची हाही प्रश्न येईल. पहिल्या प्रकाशनाची. ॲपवर पुनर्मुद्रणाचं साल दिसतं त्यावर जाऊ नकोस. टेलर स्विफ्टने ‘1989’ 2023 मध्ये पुन्हा गायला म्हणून तो नवा होत नाही. गाणी 2014 चीच, त्याला आत येऊ दे. ॲपलच्या यादीत मात्र पुन्हा गायलेली आवृत्ती आहे. ती त्यांची बाब.

एक बोच उरते, ती लपवत नाही. तू वीस वर्षांची आहेस. माझ्या नियमाने तुझ्या यादीतला प्रत्येक अल्बम तू दहा वर्षांची होण्याआधी किंवा होताना निघालेला असणार, म्हणजे सगळाच दुसऱ्यांकडून तुझ्यापर्यंत आलेला. तुझ्या स्वतःच्या काळातलं एकही नाव नाही. हे मला खटकतं. तरी नियम बदलत नाही. त्याऐवजी दुसरा कागद घे. त्यावर ‘ब्रॅट’ लिही, पुढे आज काय वाटतं ते दोन ओळींत, आणि शेवटी साल 2034. ‘एसओएस’पुढे 2032. हा कागद कुणाला दाखवू नकोस, दरवर्षी जानेवारीत एकदा काढ, आणि आधीच्या दोन ओळी न वाचता नव्या दोन लिही. त्या ओळी सारख्या येत गेल्या तर तुझ्याकडे पुराव्यासकट मत असेल. तसं मत आज तुमच्या वीस जणांत कुणाकडे नाही.

कोऱ्या नऊ ओळींसाठी यंदा दार उघडलेले तीन ऐक: ‘ब्लॅकस्टार’, बियॉन्सेचा ‘लेमोनेड’, फ्रँक ओशनचा ‘ब्लाँड’. पहिले दोन पाऊण तासाच्या आत संपतात किंवा जेमतेम तेवढे होतात. ‘ब्लाँड’ तासाभराचा आहे, तो मध्ये उठून ऐकू नकोस. तिन्ही टिकले तर तुझी यादी चव्वेचाळिसांची होईल. तेवढीच दे. पहिल्याला 50 पासून उतरत ये, 7 वर थांब, आणि उरलेले 6 ते 1 हे गुण कुणालाच देऊ नकोस.