वाचकांचे प्रश्न: तीन रात्रींत ॲमस्टरडॅम

मे महिन्यात तीन रात्री ॲमस्टरडॅम आणि चार रात्री पॅरिस असा बेत आहे. विमान ॲमस्टरडॅमला उतरतं, म्हणून व्हिसा नेदरलँड्सचा काढायचा ना? – एक वाचक, दादर

नाही, फ्रान्सचा. युरोपातल्या अनेक देशांत मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात जास्त मुक्काम आहे त्या देशाकडे करायचा असतो. दोन्हीकडे सारख्याच रात्री असतील, तरच पहिलं पाऊल कुठे पडतं हे बघतात. फ्रान्सच्या व्हिसावर ॲमस्टरडॅमला उतरायला काहीच हरकत नाही, फक्त पॅरिसच्या हॉटेलचं आरक्षण हाताशी ठेवा.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून घेतात. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण काही प्रकरणांत ४५ दिवसही. मुंबईत सुट्टीच्या हंगामात अपॉइंटमेंट मिळवतानाच नाकी नऊ येतात, तेव्हा मेसाठी जानेवारी-फेब्रुवारीतच हालचाल करा. मोठ्या माणसाची फी ९० युरो, अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर ३ महिने चालणारा, गेल्या १० वर्षांत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला हवा. कोरी पानं मोजायची राहून जातात, आणि ते नेमकं काउंटरवर कळतं.

ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं कधीही पाहिलं तरी संपलेलीच दिसतात. एजंट दुप्पट किंमत सांगतोय. – एक वाचक, मुलुंड

एजंटाला नमस्कार करा. ज्यू मुलगी ॲन फ्रँक नाझींपासून जिथे लपून राहिली, ते हे घर आता संग्रहालय आहे आणि त्याची तिकिटं फक्त संग्रहालयाच्या स्वतःच्या वेबसाइटवर मिळतात. दर मंगळवारी तिथल्या सकाळी १० वाजता, सहा आठवड्यांनंतरच्या भेटींची तिकिटं खुली होतात. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात दुपारचे दीड आणि हिवाळ्यात अडीच वाजलेले असतात, कारण मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळं एक तास पुढे असतात. हा एक तास न धरल्यामुळे पुष्कळांचा मंगळवार वाया जातो. दहा मिनिटं आधीच पान उघडून बसा. तारखा पसंतीच्या क्रमाने लिहून ठेवा, आणि कार्डवर परदेशी ऑनलाइन व्यवहार आदल्या दिवशीच सुरू करा. व्हिसाही या मंगळवारच्या आधी हातात आलेला बरा.

सोबत ज्येष्ठ असतील तर एक सूचना. लपण्याच्या मूळ जागेत लिफ्ट नाही, जिने अरुंद आणि छातीवर येतील इतके उभे आहेत. गुडघे दुखत असतील तर त्यांच्यासाठी रायक्सम्युझियम, म्हणजे तिथलं राष्ट्रीय कलासंग्रहालय, बरं. ते रोज ९ ते ५ उघडं असतं, लिफ्ट आहे आणि १८ वर्षांखालच्यांना तिकीट नाही. ९ च्या ठोक्याला आत शिरून थेट दुसऱ्या मजल्यावर गेलात, तर रेम्ब्रांटचं १६४२ सालचं ‘नाइट वॉच’ हे चित्र गर्दी व्हायच्या आत नीट पाहता येईल. व्हॅन गॉग संग्रहालयालाही वेळ ठरवून ऑनलाइनच तिकीट घ्यावं लागतं. एका दिवसात यातलं एकच ठिकाण ठेवा. दोन ठेवली की कालवे राहतात, आणि कालवे बघायलाच तर चाललाय!

कालव्याकाठच्या जुन्या घरातलं हॉटेल घ्यावं का? – एक वाचक, बोरिवली

आधी लिफ्टची चौकशी करा. ही घरं अरुंद आणि उंच बांधलेली आहेत, आतले जिने शिडीसारखे. म्हणून तर दर्शनी भागात वर लोखंडी हूक असतो आणि सामान दोराने खिडकीतून चढवतात. तुमची २३ किलोची बॅग मात्र तुम्हालाच चढवावी लागेल. लिफ्ट नसेल तर ट्राम किंवा मेट्रोच्या थांब्याजवळचं नवं हॉटेल घ्या. खोलीच्या भाड्यावर शहराचा १२.५ टक्के पर्यटक कर असतो. दाखवलेल्या किमतीत तो धरला आहे का, हे तुलना करताना बघा.

पत्ता शोधायला सोपी खूण: सिंगेल, हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे कालवे एकात एक अर्धवर्तुळात आहेत. घरांचे क्रमांक वायव्येकडून, ब्राउवर्सग्राख्तच्या बाजूने सुरू होऊन वाढत जातात. क्रमांक कमी होत असतील तर तुम्ही त्या टोकाकडे चालला आहात.

ट्राम-ट्रेनसाठी पास घ्यावा की सिटी कार्ड? – एक वाचक, ठाणे

तीन रात्रींसाठी बहुतेकांना दोन्ही नको, प्रवासाचा पासही नको आणि संग्रहालयांचे प्रवेश एकत्र देणारं सिटी कार्डही नको. बँकेचं टॅप होणारं कार्ड (व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं) चढताना आणि उतरताना मशीनला लावा, भाडं आपोआप कापलं जातं. माणशी एक कार्ड लागतं, एकाच कार्डावर चौघं जात नाहीत. चढताना कार्ड आणि उतरताना त्याच कार्डाचा मोबाइल लावलात, तर मशीन ती दोन वेगळी कार्डं समजतं आणि जादा पैसे जातात. बँकेच्या ॲपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘कॉन्टॅक्टलेस’ ही दोन्ही बटणं इथूनच चालू करून निघा. रुपे कार्डाच्या भरवशावर जाऊ नका.

स्किपोल विमानतळावरून मध्यवर्ती स्थानक ट्रेनने साधारण पंधरा-सतरा मिनिटांवर आहे. विमानतळावर टॅपची मशीन खांबांवर आहेत, बॅगा ढकलताना ती नजरेतून सुटतात. सिटी कार्डात ॲन फ्रँक आणि व्हॅन गॉग येत नाहीत, हे हिशेब करताना धरा. मध्यवर्ती स्थानकाच्या मागून पाण्यापलीकडच्या नॉर्ड या उत्तर भागाला जाणारी फेरी सगळ्यांना फुकट.

आम्ही शाकाहारी आहोत. तिथल्या भाचीला पेढे आणि हापूस नेता येतील का? – एक वाचक, गिरगाव

दोन्ही घरीच ठेवा. युरोपीय संघात भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, त्यात पेढे, बर्फी, पनीर, तूप सगळं आलं. आंब्याला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. केळी आणि नारळ यांना सूट आहे. चिवडा, चकली, खाकरा न्यायला हरकत नाही.

जेवायला सुरिनामी रोटीची दुकानं शोधा. १८७३ पासून उत्तर भारतातून मजूर म्हणून सुरिनाम या दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत नेलेल्या लोकांच्या वंशजांनी हे जेवण हॉलंडात आणलं. बटाटा आणि शेंगांची भाजी, सोबत रोटी. शाकाहारी ताटातही उकडलेलं अंडं येतं, नको असेल तर आधी सांगा. स्ट्रूपवाफल या पाक भरलेल्या गोल बिस्किटातही अंडं असू शकतं. चीज घेताना ते प्राण्यांच्या रेनेटचं (वासराच्या जठरातून काढलेल्या, दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याचं) तर नाही ना, हे विचारा. नळाचं पाणी खुशाल प्या.

सायकल भाड्याने घ्यावी का? ट्युलिप दिसतील का? – एक वाचक, चेंबूर

पहिल्या भेटीत सायकल नको. ट्रामच्या रुळात चाक अडकतं, आणि मागून येणारे स्थानिक थांबत नाहीत. चालतानाही लाल पट्ट्यावर फोटोसाठी उभं राहू नका, तो सायकलींचा रस्ता आहे. ट्युलिपसाठी प्रसिद्ध असलेली कॉयकेनहॉफची बाग मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते आणि जाऊन-येऊन अर्धा दिवस सहज जातो. त्यानंतर जात असाल तर तो विषयच सोडा. २७ एप्रिलला राजाचा दिवस, म्हणजे डच राजाच्या वाढदिवसाचा उत्सव, असतो. रस्ते माणसांनी भरतात, मध्यभागातल्या ट्राम बंद पडतात, हॉटेलं महागतात. शांतपणे शहर बघायचं असेल तर ती तारीख टाळा. छत्री वाऱ्याने उलटते, टोपीचं रेनजॅकेट घ्या.