हसू नेमकं कुणावर?

प्रश्न : माझी मुलगी यंदा नववीत आहे. सुट्टी लागली की मैत्रिणींना जमवून अमेरिकन शाळांवरचे विनोदी चित्रपट पाहते. तसली थट्टा आता वर्गातही सुरू झाली आहे. डब्यात रोज भाकरी-ठेचा आणणाऱ्या एका मुलीचं या सगळ्यांनी 'ठेचा' असं नाव पाडलंय. हे चित्रपट बंद करावेत, की त्यात घेण्यासारखंही काही असतं?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : बंद करू नका, पण शेजारी बसून पाहा. पंचवटीतल्या शाळेत मी अनेक वर्षं नववी-दहावीला शिकवलं. या वयाच्या मुलांना उपदेशाचा वास लांबूनच येतो आणि ती कान मिटून घेतात. चांगल्या विनोदी चित्रपटात बोध शेवटच्या भाषणात नसतोच, तो आपल्याला कशावर हसवलं यात असतो.

'मीन गर्ल्स' (२००४) घ्या. टिना फे यांनी तो लिहिला रोझलिंड वाइजमन यांच्या पुस्तकावरून, आणि ते पुस्तक कादंबरी नाही, पालकांसाठीचं मार्गदर्शन आहे. त्यातली केडी शाळेतल्या दादागिरी करणाऱ्या रेजिनाला धडा शिकवायला निघते. वजन कमी होईल असं सांगून तिला वजन वाढवणाऱ्या वड्या खायला घालते. आपण खदखदून हसतो, रेजिनाची खोड मोडली म्हणून. पण हसता हसता केडीच तिच्यासारखी होत जाते. मुलींची निंदानालस्ती लिहिलेल्या वहीत ती स्वतःच्या शिक्षिकेबद्दल खोटं लिहून ठेवते. ती पानं शाळाभर पसरतात आणि त्या बाईंची चौकशी लागते. इथे चित्रपट थांबवा आणि लेकीला विचारा, "मघाशी वड्यांवर हसलो, ते बरोबर होतं का गं?" उत्तराची घाई करू नका.

सगळेच चित्रपट असा हिशोब चुकता करत नाहीत. 'सिक्स्टीन कँडल्स'मध्ये (१९८४) परदेशातून शिकायला आलेला आशियाई मुलगा पडद्यावर आला की घंटा वाजते. त्याचं परकेपण हाच विनोद, आणि त्याबद्दल कुणालाच काही वाटत नाही. मला तो भाग बघवत नाही. नायिकेचं काम केलेल्या मॉली रिंगवाल्ड यांनीच २०१८ मध्ये 'द न्यूयॉर्कर' या अमेरिकन नियतकालिकात आपल्या या जुन्या चित्रपटांबद्दल परखड प्रश्न विचारले. तेही स्वतःच्या मुलीबरोबर आपलाच दुसरा चित्रपट 'द ब्रेकफास्ट क्लब' पुन्हा पाहिल्यावर. लेकीला हेही सांगा. आवडत्या चित्रपटातलं खटकणारं बोलून दाखवता येतं, हे तिला कळू दे.

'ठेचा' या नावाचं मात्र चित्रपट पाहून होईपर्यंत ठेवू नका. ती मुलगीही हसत असेल, म्हणून तिला चालतं असं धरू नका. वर्गात एकटं पडायच्या भीतीने मुली हसतात. उद्यापासून तुमच्या लेकीने तिला तिच्या नावानेच हाक मारावी, तीही सगळ्या घोळक्यासमोर.