बारा हजारांत जास्तीत जास्त पॉवरची दुर्बीण कोणती घ्यावी?

तुमच्या प्रश्नातला तपशील असा: राहायला पुण्यात, बजेट बारा हजार, रविवारी पाषाण तलाव नाहीतर कवडीला पक्षी, अधूनमधून सिंहगड आणि रात्री गच्चीवरून चंद्र. त्यातही मनात जवळपास ठरलेलं आहे. २०×५० घेऊ की १०-३०×५० झूमवाली, एवढंच विचारताय.

दोन्ही घेऊ नका.

खिशाला चाट बसल्यावर आलेलं शहाणपण आहे हे. माझी पहिली दुर्बीण झूमवालीच होती. दुकानदाराने काउंटरवरूनच समोरच्या इमारतीची पाटी दाखवली, खटका सरकवला, अक्षरं धावत पुढ्यात आली आणि मी पैसे मोजून बाहेर. त्याच रविवारी पहाटे कवडीला, बंधाऱ्याच्या अलीकडे उभा राहिलो. पाण्यात हळदी-कुंकू बदकं होती. पॉवर ३० वर नेली तर बदक कुठे गेलं तेच सापडेना. नुसतं पाणी, परत पाणी, मग एक प्लॅस्टिकची पिशवी. शेवटी सापडलं तेव्हा ते माझ्या श्वासाबरोबर वरखाली उड्या मारत होतं. शेजारी एक काका होते, गळ्यात रंग उडालेली ८×४०. काही न बोलता त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली. तिच्यातून बदक माझ्या दुर्बिणीतल्यापेक्षा कितीतरी लहान दिसलं, पण ते स्थिर होतं. चोचीचं पिवळं टोक आणि बुडाशी तांबडे ठिपके, म्हणजे ज्यावरून त्याला हळदी-कुंकू म्हणतात ते, मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "बदक तीस पट होतं तसा हातही तीस पट हलतो," काका म्हणाले आणि दुर्बीण परत मागून घेतली.

आता आकड्यांचं. १०×५० मधला १० म्हणजे किती पट मोठं दिसणार, आणि ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बहुतेक लोक पहिल्याच आकड्यावर थांबतात. खरी गंमत दुसऱ्याला पहिल्याने भागल्यावर कळते. ५० भागिले १० म्हणजे ५. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे रोखलीत तर डोळा लावायच्या भिंगात एक गोल चकचकीत टिकली दिसते, तिचा व्यास हा ५ मिलिमीटर. तेवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत तुमच्या बाहुलीत शिरतो. २०×५० मध्ये ही टिकली अडीच मिलिमीटरची होते. भर दुपारी बाहुलीच दोन-तीन मिलिमीटरची असते, म्हणून दुकानात फरक कळत नाही. संध्याकाळी पाषाणला बगळे झाडांवर परतायला लागतात तेव्हा बाहुली मोठी झालेली असते, आणि त्या वेळी २०×५० मधलं चित्र १०×५० च्या जवळपास चौपट अंधारं दिसतं. भिंग तेवढंच, आणि त्यातून आलेला उजेड दुप्पट लांबी-रुंदीवर पसरायचा, दुसरं काय होणार?

शिवाय पॉवर वाढली की दिसणारा पट्टा आकसतो. १०×५० मध्ये साधारण साडेसहा अंशांचं आकाश मावतं, २० पटीत जेमतेम तीन-साडेतीन. उडता खंड्या त्यात पकडून दाखवा, चहा माझ्याकडून. आणि सकाळी नऊ-दहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते. जास्त पॉवर ती थरथरही मोठी करून दाखवते. एप्रिलमध्ये सिंहगडावरून खोऱ्यात बघाल तर वीस पट मोठं धुरकं दिसेल.

झूमबद्दल थोडक्यात. आत सरकणारी जास्तीची भिंगं असतात आणि दोन्ही नळ्यांमध्ये ती अगदी बरोबरीने सरकावी लागतात. या किमतीत ते जमत नाही. काही महिन्यांत दोन नळ्या दोन दिशांना बघायला लागतात आणि तुमचं डोकं दुखायला लागतं. 'नाइट व्हिजन' छापलेल्या, ६०×६० म्हणवणाऱ्या आणि लालभडक चकाकणाऱ्या भिंगांच्या दुर्बिणी दिसल्या तर पुढे चला. ते लाल कोटिंग लाल प्रकाश परत फेकतं, आतलं चित्र हिरवट-निळसर होतं, आणि पक्ष्याचा रंग ओळखायलाच तर आपण गेलेलो असतो.

मग घ्यायची कुठली? पक्षी मुख्य आणि चश्मा असेल तर ८×४२. निकॉनची प्रोस्टाफ पी३ या मापात येते, साडेपाचशे-पावणेसहाशे ग्रॅमची, पाणी सोसणारी, आणि चश्म्यासकट पूर्ण चित्र दिसतं. गच्चीवरच्या आकाशाला जास्त वजन द्यायचं असेल तर १०×५०, म्हणजे निकॉन अक्युलॉन नाहीतर ऑलिंपस डीपीएस. या दोन्ही पोरो प्रिझमच्या (प्रिझम म्हणजे आतली, चित्र सुलटं करणारी काच), खांदे काढलेल्या, जुन्या सिनेमातल्या मेजरसाहेबांच्या गळ्यात असतात तशा. दिसायला गावठी, पण या किमतीत सरळ नळीच्या दुर्बिणीपेक्षा पोरोमध्ये पैसे भिंगावर जास्त पडतात असं माझं मत आहे. अक्युलॉन जवळपास ९०० ग्रॅमची, पाण्याला न मानवणारी, आणि चश्मा लावून बघितलं तर कडा कापल्या जातात. भाव सतत हलतात, पण ही सगळी तुमच्या बजेटच्या आसपासची मंडळी आहेत.

मी स्वतः १०×५० वापरतो. गच्चीवर चटई टाकून आडवं व्हायचं, कोपर फरशीला टेकवायचे. चंद्रावरची विवरं, गुरूचे चार चंद्र, कृत्तिकांचा झुपका, मृगातला धूसर तेजोमेघ, सगळं दिसतं. गुरूचे तेच चार चंद्र गॅलिलिओने १६१० साली पाहिले होते. शनीची कडी मात्र दहा पटीत दिसणार नाहीत. तेवढ्यासाठी दुर्बीण घेणार असाल तर थांबा.

आणि एवढं ऐकूनही पॉवरच हवी असेल तर १५×७०, सेलेस्ट्रॉनची स्कायमास्टर. भागाकार पावणेपाचच्या आसपास, म्हणजे उजेड शाबूत. पण वजन सव्वा किलोच्या वर. हातात धरून दोन मिनिटांत खांदा बोलायला लागतो. ट्रायपॉड आणि दुर्बीण त्यावर बसवायची एल आकाराची पट्टी, हे पैसे पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा. भिगवणला एका जागी बसून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायचे असतील तर झकास. सिंहगड चढताना गळ्यात, अजिबात नाही.

दुकानात गेलात तर बाहेर रस्त्यावर येऊ द्या म्हणून हट्ट धरा. आधी उजवी नळी झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा, मग डावी झाकून उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवा. आता लांबची विजेची तार किंवा पाटीची कड बघा. दोन दिसल्या, किंवा एक दिसायला डोळे ताणावे लागले, तर ती दुर्बीण परत. मग ती हातभर लांब धरून टिकली बघा: पूर्ण गोल असेल तर प्रिझमची काच चांगली, कडा चौकोनी कापल्यासारख्या करड्या दिसल्या तर स्वस्तातली. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या.

घेण्याआधी कुणाच्या तरी दुर्बिणीतून बघता आलं तर उत्तम. टिळक स्मारक मंदिरातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत १९४४ पासून आकाशवेडी माणसं जमताहेत, त्यांच्या आकाशदर्शनाला एकदा जाऊन या. सकाळी कवडीला गेलात तरी कुणीतरी देईलच हातात.

घेतल्यावर दोन गोष्टी. सूर्याकडे चुकूनही रोखू नका, डोळा कायमचा जातो. आणि जून ते सप्टेंबर दुर्बीण तिच्या कापडी पिशवीत कपाटात ठेवू नका; घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या अधूनमधून बदला. माझी झूमवाली एका पावसाळ्यात आतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या बुरशीने भरली. साफ करायला सांगितलेले पैसे ऐकून मी ती घरी परत आणली, आणि हल्ली भाचा ती उलटी धरून आजीला लहान करून बघतो.