बी वन पास झाले, पण जर्मन पिक्चर लावला की डोक्यावरून जातो

मी समुपदेशक, माझ्याकडे अभ्यास आणि करिअरच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत अलीकडे परदेशी भाषा शिकणारे खूप वाढलेत, त्यातही जर्मन आणि त्यातही नर्सेस. रडगाणं सगळ्यांचं जवळपास सारखंच असतं, क्लासची लेव्हल पास झाली पण पिक्चर लावला की काही झेपत नाही, पुस्तक उघडलं तर दुसऱ्या पानावर झोप येते, मग हे जे सगळे सांगत सुटलेत की भरपूर वाचा, पिक्चर बघा, भाषा आपोआप येईल, ते खरं की नुसती हवा? एका केसवरून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि नावही देत नाही, मी तिला सिस्टरच म्हणायचे, इथेही तेच म्हणते.

सिस्टर सोलापूरकडची, पुण्यात एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूला. जर्मनच्या पायऱ्या ए वन, ए टू, बी वन, बी टू अशा चढत जातात, आणि जर्मनीत नर्स म्हणून रीतसर मान्यता मिळायला साधारणपणे बी टू लागतं. हिची बी वन झालेली, बी टू मात्र अर्धीच. गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थेच्या परीक्षेत चार मॉड्यूल असतात, वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं, प्रत्येकात १०० पैकी ६० पाहिजेत, आणि ती वेगवेगळी देता येतात. हिचं वाचन आणि ऐकणं राहिलं होतं. म्हणजे बघा, जे दोन भाग पिक्चर आणि पुस्तकांनी सुधारायला हवेत तेच नापास, आणि पोरगी तर रोज पिक्चर बघतेय.

सोबत वडील आले होते आणि खरं तर तक्रार त्यांचीच होती. "मॅडम, ड्युटीवरनं आली की मोबाईलवर पिक्चर लावून बसती. विचारलं की म्हणती अभ्यास करतीय. आता पिक्चर बघणं म्हणजे अभ्यास असतो का, तुम्हीच सांगा."

सिस्टरने वाद घातला नाही. पिशवीतून एक जाडजूड वही काढून माझ्यासमोर ठेवली. एका अमेरिकन थ्रिलरचे संवाद, जर्मनमध्ये, पानामागून पानं. पद्धत अशी की पिक्चर जर्मन डबिंगमध्ये लावायचा, खाली जर्मन सबटायटल, एक वाक्य झालं की पॉज, नवीन शब्द वहीत, डिक्शनरीत अर्थ, शेजारी डेअर-दी-डास, म्हणजे शब्दाचं लिंग, काय ते, मग प्ले. एवढं करून अर्धा पिक्चरसुद्धा झाला नव्हता. त्यात मजा येते का विचारलं तर म्हणाली, मजेसाठी कोण बघतंय मॅडम.

काकांना वाटत होतं पोरगी टाइमपास करतेय, आणि मला त्या वहीत टाइमपास औषधालासुद्धा दिसेना. तिने पिक्चरचं व्याकरणाचं पुस्तक करून टाकलं होतं.

मग तिने हळूच खरी भीती सांगितली. "मला वाटतं माझ्या कानातच काहीतरी प्रॉब्लेम आहे. ते बोलतात एक आणि खाली लिहिलेलं असतं दुसरंच. मी चार चार वेळा ऐकते, तरी मला तो शब्द ऐकूच येत नाही."

कान ठणठणीत होते. गोची अशी आहे की जर्मनीत परदेशी पिक्चर सर्रास डब करून दाखवतात, आणि डबिंगचा संवाद लिहिताना ओठांची हालचाल जुळवायची असते, वाक्याची लांबी बसवायची असते, त्यामुळे मूळ वाक्य बरंच फिरवावं लागतं. सबटायटल बऱ्याचदा वेगळा माणूस वेगळ्या वेळी मूळ संवादावरून करतो, त्याला ओठांची फिकीर नाही, जागा आणि वाचायच्या वेळेची फिकीर. म्हणून डब केलेल्या पिक्चरमध्ये आवाज आणि खालच्या ओळी जुळत नाहीत, दोन्ही जर्मनच असतात पण दोन वेगळी भाषांतरं असतात. सिस्टर जो शब्द चार वेळा शोधत होती तो मुळात कुणी बोललेलाच नव्हता! हे कळल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. मुळात जर्मनमध्येच बनलेलं काहीतरी घ्या आणि त्याच भाषेतली सबटायटल लावा, ओळी थोड्या छाटलेल्या असतात पण बऱ्याचशा जुळतात. इतकी साधी गोष्ट, पण मी विचारते त्यातल्या बऱ्याच जणांना कुणी सांगितलेली नसते.

पुढच्या वेळी वाचत असलेलं पुस्तक आण म्हटलं. तिने आणली एक वजनदार कादंबरी, कुणीतरी सुचवलेली, पहिल्या पानावर पेन्सिलीचे इतके गोल की कागद राखाडी झालेला. आम्ही दोघींनी बसून एका पानावरचे गोल मोजले. तीस-पस्तीस तरी होते.

आता इथे थोडं संशोधन सांगते कारण नुसतं "सोपं वाच" म्हटलं की लोकांना तो सल्ला वाटत नाही, अपमान वाटतो. हू आडनावाच्या एक संशोधक आणि न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी २००० साली इंग्रजी शिकणाऱ्यांवर एक अभ्यास केला, गोष्टीतले किती शब्द ओळखीचे असले की ती मदतीशिवाय नीट कळते. उत्तर आलं साधारण ९८ टक्के. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. अडीचशे शब्दांच्या पानावर पाच. सिस्टरच्या पानावर त्याच्या सहा-सात पट, म्हणजे ती वाचत नव्हतीच, कोडं सोडवत होती. पिक्चरचंही असंच. वेब आणि रॉजर्स यांनी २००९ मध्ये ३१८ इंग्रजी चित्रपटांचे संवाद तपासले, तर ९५ टक्के शब्द ओळखीचे व्हायला सुमारे ३००० शब्दकुटुंबं (एक शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुटुंब) लागतात असं निघालं, आणि ९८ टक्क्यांसाठी ६००० च्या आसपास. जर्मनचे आकडे थोडे वेगळे असतील, पण बी वनवाल्या माणसाला पिक्चर का जड जातो ते एवढ्यावरून समजतं.

तर मी तिच्यासमोर ए टू लेव्हलची बारीक पुस्तकं ठेवली, शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम सोप्या भाषेत लिहिलेली, क्लेट, हूबर वगैरे प्रकाशकांची असतात तशी. सिस्टरने पुस्तक उलटंपालटं केलं आणि खाली ठेवलं. "मॅडम, मी बी वन पास आहे. आता हे चित्रांचं वाचू? वॉर्डात कुणी बघितलं तर हसतील."

हे आहे खरं दुखणं, आणि याच्यासाठी समुपदेशक लागतो, भाषेचा मास्तर नाही. आपल्याकडे शिकणं म्हणजे कष्ट, कपाळाला आठ्या, अवघड ते भारी. सोपं वाचताना गोष्ट कळते, पानं पटापट उलटतात, मग आपल्याला वाटतं ह्यात शिकतोय कुठे, फसवतोय स्वतःला. आयसीयूत व्हेंटिलेटर सांभाळणारी बाई चित्रांच्या पुस्तकाला लाजते. मी तिला विचारलं, मराठी वाचायला लागलीस तेव्हा तिसरीत काय वाचायचीस? हसली. चांदोबा, ठकठक, कॉमिक्स, जे हाताला लागेल ते, आणि शब्द अडला म्हणून कधी थांबली नव्हती.

मग अटी ठरल्या, माझ्याकडून थोड्या, तिच्याकडून थोड्या. वही बंद. डिक्शनरी फक्त तेव्हाच जेव्हा एकच शब्द परत परत येऊन गोष्ट अडवतोय. कंटाळा आला तर पुस्तक अर्ध्यात सोडायचं, गिल्टी वाटून घ्यायचं नाही (ही अट पाळणं तिला सगळ्यात अवघड गेलं, विकत घेतलेलं पुस्तक अर्धं टाकायचं म्हणजे काय!). पुस्तकांसाठी बोट क्लब रोडवरची मॅक्सम्युलर भवनची, म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूटचीच, लायब्ररी आहेच. बघण्यासाठी आधी डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेची निकोस वेग ही व्हिडिओ मालिका, शिकणाऱ्यांसाठीच बनवलेली आणि फुकट, मग लहान मुलांचा तो उंदीरवाला कार्यक्रम, दी झेंडुंग मिट डेअर माउस, १९७१ पासून चालू आहे, त्यात रोजच्या वस्तू कशा बनतात ते दाखवतात, समोर वस्तू दिसते आणि निवेदक तिच्याबद्दलच बोलतो, त्यामुळे शब्द कळला नाही तरी अर्थ निसटत नाही. नाइट ड्युटीनंतर काहीच नाही, झोप. सिस्टर म्हणाली, "म्हणजे बोलस नाही मॅडम, ड्रिप." बोलस म्हणजे औषधाचा डोस एकदम, ड्रिप म्हणजे थेंब थेंब. तिच्या भाषेत तिने बरोबर पकडलं.

काकांचं समाधान व्हायचं होतं. त्यांना मी दोन गोष्टी सांगितल्या. एक फिजीची. १९८० च्या सुमारास तिथल्या खेड्यापाड्यातल्या प्राथमिक शाळांत एली आणि मंगूभाई या दोन संशोधकांनी वर्गावर्गांत इंग्रजी गोष्टींची ढीगभर पुस्तकं दिली, आणि ती मुलं नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांच्या साधारण दुप्पट वेगाने वाचनात पुढे गेली. काकांनी मान हलवली, पण फिजी लांब पडतं. दुसरी लागू पडली. दूरदर्शनवर रंगोली, चित्रहारमध्ये हिंदी गाण्यांखाली हिंदीतच ओळी यायच्या, आठवतं का विचारलं. आठवत होतं. ती कल्पना तेव्हा आयआयएम अहमदाबादमध्ये असलेल्या ब्रिज कोठारींची, १९९६ पासून ते तिच्यामागे आहेत, की गाणं माणूस आवडीने बघणारच, ओळ समोर असली की डोळा आपोआप तिच्यावर जातो आणि जेमतेम अक्षरओळख असलेला माणूस वाचायला लागतो. काका म्हणाले, "आमच्या घरात आईला त्यानंच वाचायची सवय लागली, आमचं कुणाचं ध्यान नव्हतं." त्यानंतर पिक्चरवरून घरात भांडण झालं नाही.

पहिले दीड-दोन महिने काही विशेष दिसलं नाही हेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल जादू झाली. मधे एकदा ती चिडून आली, पुस्तकं संपतायत पण नवीन शब्द सांगा म्हटलं तर एकही सांगता येत नाही. मी तिला तीच पहिली कादंबरी उघडायला लावली. गोल अजून होते, पण तिने वाक्य शेवटपर्यंत न थांबता वाचलं, आणि मधले दोन-तीन गोल तिला आता कशासाठी केले होते तेच कळेना. शब्द यादीतून आले नाहीत की आपण ते शिकलो हेच लक्षात राहत नाही.

व्याकरणातही गंमत झाली. जर्मनमध्ये 'कारण'नंतर क्रियापद शेवटी जातं, वाइल इश म्यूडं बिन, कारण मी दमलेली आहे, शब्दाला शब्द मराठीचाच क्रम! क्लासमध्ये हा नियम इंग्रजीतून शिकवला म्हणून तो तिला उलटा वाटायचा, गोष्टींत शंभरदा वाचल्यावर तो घरचाच वाटायला लागला. लिंगाचं मात्र तसं नाही, आपल्यालाही तीन लिंगं आहेत पण खुर्ची आपल्याकडे ती आणि तिकडे तो, इथे मराठी मदत करत नाही, उलट पाय ओढते, तिथे वाचत राहणं आणि चुकत राहणं एवढंच.

ऐकण्याचं गाडं पुढे सरकलं ते एका हॉस्पिटलच्या मालिकेमुळे. जर्मन टीव्हीवर इन आलर फ्रॉइंडशाफ्ट नावाची मालिका १९९८ पासून चालू आहे, लाइपझिगमधल्या एका क्लिनिकची गोष्ट. तिचे काही भाग हिने बघितले आणि मला म्हणाली, मॅडम, पेशंट क्रॅश होतोय हे मला भाषेशिवायच दिसतं, मग ते काय ओरडतायत ते कळायला लागतं. (त्या सीपीआरला मात्र तिने नावं ठेवली.) विषय आपला असला की निम्मं काम डोकं आधीच करून ठेवतं, म्हणून इंजिनिअरने इंजिनांचं बघावं, स्वयंपाकाची आवड असणाऱ्याने रेसिपी बघाव्यात, सगळ्यांनी उठून तेच गाजलेले थ्रिलर बघायची गरज नाही. आणि खऱ्या बोलण्यातले गिळलेले शब्द, 'हाबन विर'चं होणारं 'हामवा', वाक्यात उगीच पेरल्यासारखे दिसणारे डोख, माल, हाल्ट, हे क्लासच्या सीडीत फारसं भेटत नाही. एकच भाग दोन-तीनदा बघितला तर भेटतं, पहिल्यांदा गोष्टीसाठी, नंतर सबटायटल काढून.

परीक्षेच्या पुढच्या खेपेला वाचन पास झालं आणि ऐकणंही पास झालं, ऐकणं काठावर. लगेच वडिलांचा फोन, मॅडम, मग क्लास बंद करू का? अजिबात नको म्हटलं. कॅनडात इंग्रजीभाषक मुलं शाळेत वर्षानुवर्षं सगळं फ्रेंचमधून शिकायची, समजायचं उत्तम, पण बोलण्यालिहिण्यात चुका तशाच राहायच्या, त्यावरून भाषा-संशोधक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलं की नुसतं आत घेऊन भागत नाही, बाहेरही काढावं लागतं. नुसत्या इनपुटवर, म्हणजे वाचून-ऐकूनच, भाषा येते हे दुसरे भाषा-संशोधक स्टीफन क्रॅशन यांचं म्हणणं इंटरनेटवर फार लाडकं आहे, मला ते अर्धंच पटतं. सिस्टरला उद्या वॉर्डात हँडओव्हर द्यायचाय (ड्युटी संपताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती), नातेवाइकांना समजावायचंय, ते पिक्चर बघून येणार नाही. म्हणून बोलायला एक पार्टनर आणि पेशंटच्या नोंदी जर्मनमध्ये लिहायचा सराव, हे आता चालू आहे.

तुम्हीही याच प्रश्नात असाल तर आधी परीक्षेची तारीख बघा. महिना-दीड महिन्यावर असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि मॉडेल पेपर सोडवा, घड्याळ लावून, कारण बी टूच्या वाचनाला ६५ मिनिटं मिळतात आणि ऐकण्यातले काही भाग एकदाच ऐकवतात, त्याची सवय वेगळीच लागते. पाच-सहा महिने हातात असतील तर आज जे वाचताय त्याचं एक पान घ्या आणि अनोळखी शब्द मोजा, दहाच्या वर गेले तर एक लेव्हल खाली उतरा. वॉर्डात कुणी हसलं तर पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घाला, सिस्टरने तेच केलंय.